खेळ खिशात आणणारा माणूस

गुनपेई योकोई हे नाव आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. पण नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम ज्या घरात होता, तिथल्या मुलांच्या डाव्या अंगठ्याला या जपानी अभियंत्याचे काम नक्की माहीत आहे. रिमोटवरचे ते अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण योकोईंचे. बंदुकीने पडद्यावरची बदके टिपायचा खेळ त्यांच्या विभागाचा. आणि खिशात मावणारा, प्रवासात खेळता येणारा गेम ही कल्पना घराघरांत नेण्याचे श्रेयही मुख्यतः त्यांचेच.

आरोग्याच्या सदरात त्यांची आठवण काढायला कारण आहे. मुलांचे डोळे, मान, झोप अशा तक्रारी घेऊन पालक येतात तेव्हा मूल किती वेळ खेळते, हे मी विचारतो. उत्तर बहुधा टीव्हीवरच्या खेळाचे येते. शनिवार-रविवार दोन तास, बाकी दिवशी आम्ही लावू देत नाही. मोबाइलचे विचारले की तो हिशेब वेगळा निघतो. जेवताना थोडा, रिक्षात थोडा, झोपण्याआधी थोडा. जणू टीव्हीवर खेळणारे मूल एक आणि हातातल्या पडद्यावर खेळणारे दुसरेच. गेम बनवणाऱ्या कंपन्यांपुढेही हाच प्रश्न होता. घरच्या यंत्राचे गिऱ्हाईक आणि हातातल्या यंत्राचे गिऱ्हाईक एकच की वेगळे? योकोईंचे सगळे आयुष्य या प्रश्नाच्या आसपास गेले.

त्यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, क्योतो शहरातला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून विद्युत शाखेची पदवी घेऊन १९६५ मध्ये ते निन्टेंडो कंपनीत लागले. तेव्हा या कंपनीचा व्हिडिओ गेमशी काही संबंध नव्हता. १८८९ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी हानाफुदा नावाचे, फुलांची चित्रे असलेले पारंपरिक जपानी पत्ते बनवायची. पत्ते छापणारी यंत्रे चालू ठेवणे हे योकोईंचे काम. यंत्रे बिघडली नाहीत की हाताला काम नसे. अशाच रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी कैचीसारख्या पट्ट्यांची एक जाळी बनवली. मुठी जवळ आणल्या की ती लांब जायची आणि टोकाच्या चिमट्याने दूरची वस्तू पकडायची.

कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची कारखान्यात फेरी मारताना त्यांच्या नजरेला ही जाळी पडली. कामाच्या वेळेत खेळत बसल्याबद्दल बोलणी खावी लागायची, पण यामाउचींनी तीच वस्तू विक्रीसाठी तयार करायला सांगितली. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ नावाने ती बाजारात आली आणि दहा लाखांहून अधिक खपली. यंत्रांची देखभाल करणारा अभियंता खेळणी बनवणारा झाला.

पुढची काही खेळणी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दाखवावीत अशी आहेत. १९६९ मधला ‘लव्ह टेस्टर’ घ्या. एका यंत्राला दोन गोळे जोडलेले. मुलाने एक धरायचा, मुलीने दुसरा, आणि उरलेले हात एकमेकांच्या हातात द्यायचे. मग यंत्राचा काटा दोघांमध्ये प्रेम किती ते दाखवणार! प्रत्यक्षात यंत्र मोजत होते विजेचे वहन. दोन शरीरांतून अगदी क्षीण प्रवाह जायचा. तळहाताला घाम आला की त्वचेचा विजेला होणारा विरोध कमी होतो आणि काटा पुढे सरकतो. मन अस्वस्थ झाले, लाज वाटली, भीती वाटली की तळहात ओलसर होतात, कारण तिथल्या घामाच्या ग्रंथी भावनेला लगेच प्रतिसाद देतात. तथाकथित लाय डिटेक्टरमध्ये ज्या गोष्टी मोजतात, त्यात हीही असते. प्रेम मोजता येत नाही, संकोच मात्र थोडाफार मोजता येतो. आणि ज्या काळात तरुण मुलामुलींनी चारचौघांत हात धरणे अवघड होते, त्या काळात हे खेळणे हात धरायला निमित्त देत होते.

त्यानंतर प्रकाशाची बंदूक आली. शार्प कंपनीतून मासायुकी उएमुरा निन्टेंडोत आले होते. प्रकाश पडला की वीज निर्माण करणाऱ्या सौरघटाचा वापर या दोघांनी खेळण्यात केला. पुढे टीव्हीवरच्या बदकांच्या खेळात बंदुकीचे काम उलटे झाले. त्या बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो पाहतो. दिसला तर नेम लागला. हे सगळे इतक्या झटपट होते की डोळ्याला फक्त एक लुकलुक जाणवते.

याच उएमुरांनी पुढे टीव्हीला जोडायचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र बनवले आणि योकोईंनी हातातले. एकाच कंपनीचे दोन विभाग, एकाकडे घर आणि दुसऱ्याकडे हात.

हातातल्या खेळाच्या जन्माची हकीकत जपानमध्ये प्रसिद्ध आहे. बुलेट ट्रेनमधून जाताना योकोईंना एक कंटाळलेला नोकरदार दिसला. तो खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाचच दाबत वेळ घालवत होता. मोठ्या माणसालाही प्रवासात खेळायचे असते, फक्त कुणाच्या नजरेत यायचे नसते, हे त्यांच्या लक्षात आले. त्या सुमारास कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या कंपन्यांच्या चढाओढीमुळे त्यांचे पडदे आणि चिप खूप स्वस्त झाले होते. कॅल्क्युलेटरचा द्रवस्फटिकाचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. बाहेरून पडलेला प्रकाश तो परतवतो किंवा अडवतो. त्यामुळे त्याला वीज नाममात्र लागते आणि घड्याळात घालतात तसल्या बटणासारख्या सेलवर तो चालतो. योकोईंनी त्यावर आकड्यांऐवजी माणसांच्या आकृत्या बसवल्या. १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला. त्यात खेळ होता आणि घड्याळही. या मालिकेची सुमारे ४ कोटी ३४ लाख यंत्रे विकली गेली.

योकोईंची विचारपद्धत इथे स्पष्ट दिसते. बाजारातले सर्वांत नवे तंत्र ते घेत नसत. जुने झालेले, स्वस्त झालेले, खोडी माहीत असलेले तंत्र घ्यायचे आणि ते पूर्वी कुणी वापरले नव्हते अशा ठिकाणी वापरायचे, ही त्यांची रीत. आम्हा सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना ही रीत परकी नाही. मीठ, साखर आणि पाणी यांपासून बनणाऱ्या जलसंजीवनीने जितकी मुले वाचली, तितकी फार थोड्या महागड्या औषधांनी वाचवली असतील.

१९८२ मध्ये ‘डाँकी काँग’ हा खेळ या छोट्या यंत्रावर आणायचे ठरले. मूळ खेळ १९८१ चा, दुकानांतून नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावरचा. तो रचला होता तरुण शिगेरू मियामोतो यांनी, योकोईंच्या देखरेखीखाली. मोठ्या यंत्राला दांडा होता, पण खिशातल्या यंत्राला दांडा लावला तर ते खिशात जाणार कसे? योकोईंनी चार दिशांचे एकच सपाट बटण केले, तेच ते अधिक चिन्ह. अंगठा न उचलता दिशा बदलता येते आणि बटणाकडे पाहावे लागत नाही. आपले बोट कुठे आहे, किती वाकले आहे, हे डोळे मिटूनही आपल्याला कळते, कारण स्नायू, सांधे आणि त्वचा मेंदूला सतत खबर देत असतात. या बटणाने त्या खबरीचा उपयोग करून घेतला. १९८३ मध्ये आलेल्या फॅमिकॉमने तेच बटण उचलले आणि हातातल्या खेळासाठी केलेली सोय घरच्या खेळात गेली. आपल्याकडे मिळणारी टीव्ही गेमची यंत्रे बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या, त्यामुळे ते बटण आपल्या घरीही आले.

अंगठ्याने त्याची किंमतही मोजली. १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नामांकित नियतकालिकात एका ३५ वर्षांच्या स्त्रीच्या अंगठ्याच्या दुखण्याची नोंद छापून आली. सलग खूप वेळ निन्टेंडो खेळल्याने स्नायुबंधाला आलेली ती सूज होती. रुग्ण लहान मूल नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

२१ एप्रिल १९८९ रोजी योकोईंच्या विभागाचा ‘गेम बॉय’ जपानमध्ये आला. घरच्या यंत्रासारखी बदलता येणारी कार्ट्रिज, पण हातात मावणारा. पडदा हिरवट, त्यावर करड्या रंगाच्या चार छटा आणि मागून प्रकाश नाही. प्रतिस्पर्धी कंपन्यांची रंगीत, उजळ पडद्याची यंत्रे लवकरच समोर आली. कागदावर ती सर्व बाबतींत सरस होती. पण त्यांना सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून अधिक चालायचा आणि स्वस्तही होता. सेलचा खर्च मुलांच्या खाऊच्या पैशांतून होतो, हे योकोईंनी धरले होते. पुढच्या रंगीत आवृत्तीसह गेम बॉयची विक्री ११ कोटी ८० लाखांच्या वर गेली. घरचा फॅमिकॉम आणि त्याची परदेशी आवृत्ती मिळून विकली गेली सुमारे ६ कोटी १९ लाख.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही दोन वेगळी गिऱ्हाइके होती का? निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेने १९९५ मध्ये काही आकडे जाहीर केले होते. गेम बॉय खेळणाऱ्यांत मुली आणि स्त्रिया ४६ टक्के, टीव्हीला जोडायच्या पहिल्या यंत्रावर २९ टक्के आणि त्यानंतरच्या अधिक ताकदवान यंत्रावर फक्त १४ टक्के. कंपनी तीच, खेळांचे प्रकारही बरेचसे तेच. अमेरिकेत गेम बॉयसोबत ‘टेट्रिस’ हा ठोकळ्यांचा खेळ यायचा, आणि त्याला ना वयाची अट होती ना गोष्ट समजण्याची. आपल्याकडे ‘ब्रिक गेम’ नावाने जत्रेत मिळणाऱ्या यंत्रात तोच खेळ असायचा आणि मुलांइतकेच आई-बाबाही तो खेळायचे.

या आकड्यांमागे मला घरातली जागाही दिसते. टीव्ही दिवाणखान्यात असतो आणि त्यावर कुणाचा तरी हक्क असतो. आधी बातम्या, मग मालिका, मग क्रिकेट, आणि उरलेल्या वेळात जो जास्त भांडेल त्याचा गेम. हातातले यंत्र ज्याच्या हातात त्याचे. ज्यांना टीव्हीसमोर जागा मिळत नव्हती, त्यांना गेम बॉयने जागा दिली. म्हणजे दोन्ही वर्तुळे एकमेकांत बरीच मिसळलेली होती, पण हातातल्या खेळाचे वर्तुळ मोठे होते.

कंपनीलाही ही सरमिसळ कळत होती. १९९० च्या जुलैमध्ये ‘डॉक्टर मारिओ’ हा खेळ घरच्या आणि हातातल्या अशा दोन्ही यंत्रांवर एकाच दिवशी आला. त्याचे निर्माते योकोई. बाटलीतल्या विषाणूंवर त्यांच्याच रंगाच्या गोळ्या टाकून त्यांना मारायचे, असा हा खेळ. रंगावरून औषध ओळखणारे पुष्कळ रुग्ण मला रोज भेटतात, त्यामुळे तो मला परका वाटत नाही. मात्र सर्दी-पडशाच्या विषाणूंना मारणारी रंगीत कॅप्सूल अजून निघालेली नाही आणि प्रतिजैविके त्यांचे काही वाकडे करू शकत नाहीत, एवढे या निमित्ताने सांगून टाकतो. १९९४ मध्ये गेम बॉयची कार्ट्रिज टीव्हीवर चालवणारा जोडही निघाला. बसमध्ये अर्धा राहिलेला डाव घरी टीव्हीवर पुरा करायची सोय झाली.

योकोईंचे सर्वांत मोठे अपयश नेमके या दोन जागांच्या मध्ये झाले. १९९५ मध्ये आलेला ‘व्हर्च्युअल बॉय’ दिसायला चष्म्यासारखा होता, पण डोक्यावर बांधता येत नसे. तो दोन पायांच्या स्टँडवर टेबलावर ठेवायचा आणि वाकून आत डोळे लावायचे. सेलवर चालायचा, पण प्रवासात नेता येत नव्हता. घरी खेळायचा, पण शेजारी बसलेल्याला काही दिसत नव्हते. त्यामुळे तो ना हातातला राहिला, ना घरातला.

त्याची रचना हुशार होती. प्रत्येक डोळ्यासमोर लाल दिव्यांची एक बारीक रांग आणि वेगाने हलणारा आरसा. आरशामुळे ती रांग पसरून पूर्ण चित्र दिसायचे. रंग लाल, कारण लाल एलईडी स्वस्त होते आणि वीज कमी खात. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली की मेंदू खोली निर्माण करतो. पण इथे शरीर अडून बसते. जवळची वस्तू पाहताना दोन गोष्टी एकत्र घडतात. दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि डोळ्यातले भिंग फुगून त्या अंतरावर स्थिर होते. या दोन क्रिया जोडीने चालतात. खोटी खोली दाखवणाऱ्या यंत्रात डोळे जवळ-दूर वळतात, पण चित्र एकाच अंतरावर असल्याने भिंगाला बदलायचे कारण नसते. जोडी तुटते आणि डोळे ताणतात, डोके दुखते, काहींना मळमळते. व्हर्च्युअल बॉयबाबत अशा तक्रारी आल्या. सात वर्षांखालील मुलांनी ते वापरू नये, अशी सूचना कंपनीनेच दिली होती आणि ठरावीक वेळाने खेळ आपोआप थांबवायची सोयही ठेवली होती. जगभरात सुमारे ७ लाख ७० हजार यंत्रे विकून वर्षभराच्या आत ते बंद झाले. हाताचा, खिशाचा आणि सेलचा विचार आयुष्यभर करणाऱ्या माणसाचे यंत्र डोळ्यांपाशी अडले.

यानंतर योकोईंनी गेम बॉयची छोटी, सडपातळ आवृत्ती पूर्ण केली. ती १९९६ च्या जुलैमध्ये बाजारात आली आणि ऑगस्टमध्ये, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर, त्यांनी निन्टेंडो सोडली. त्याच वर्षी ‘पोकेमॉन’ खेळ गेम बॉयवर आला. दोन यंत्रे तारेने जोडून खेळायची सोय योकोईंच्या यंत्रात आधीपासून होती. मुले त्या तारेने आपापले प्राणी एकमेकांना देऊ लागली आणि सात वर्षे जुन्या यंत्राला नवे आयुष्य मिळाले. इकडे योकोईंनी ‘कोतो’ ही स्वतःची छोटी कंपनी काढली आणि बंदाई कंपनीसाठी हातातल्या नव्या यंत्राचे काम सुरू केले. ‘वंडरस्वान’ हे त्याचे नाव. ते एकाच पेन्सिल सेलवर चालणार होते.

ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातल्या होकुरिकू द्रुतगती मार्गावर त्यांच्या गाडीचा पुढच्या वाहनाशी किरकोळ अपघात झाला. नुकसान पाहायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीची धडक त्यांना बसली. त्यातच त्यांचा मृत्यू झाला. वय ५६. वंडरस्वान मार्च १९९९ मध्ये आला. त्याच्यासोबतच्या एका कोड्याच्या खेळाला त्यांचेच नाव दिले गेले. २००३ मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या संघटनेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला.

पहिल्या धडकेत खरचटलेही नाही आणि दुसऱ्या धडकेत जीव गेला, असे रुग्ण महामार्गाजवळच्या प्रत्येक रुग्णालयाने पाहिले आहेत. गाडी थांबली तर धोक्याचे दिवे लावावेत, सगळ्यांनी रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे जाऊन उभे राहावे आणि तिथूनच मदतीला फोन करावा. जखमी असल्यास आपल्या राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. किती खरवडले, कुणाची चूक, हे सगळे नंतर.

योकोई गेले त्यानंतर वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, निन्टेंडोने ‘स्विच’ काढला. तो टीव्हीला जोडला की घरचा, काढून घेतला की हातातला. दोन गिऱ्हाइकांचा प्रश्न त्या यंत्राने निकालात काढला. खेळणारा पहिल्यापासून एकच होता, त्याच्या जागा आणि वेळा फक्त वेगळ्या होत्या. आपल्याकडे तर हे काम मोबाइलने केव्हाच केले आहे.

पण त्यात एक गोष्ट हरवली. योकोईंच्या काळात खेळ आपोआप थांबत असे. सेल संपायचे. उजेड कमी झाला की पडदा दिसेनासा व्हायचा. टीव्हीवर बातम्यांची वेळ व्हायची. यांत कुणाची शिस्त नव्हती, पण शरीराला विश्रांती मिळायची. आजचा पडदा अंधारातही उजळ असतो, चार्जर उशाशी असतो आणि टीव्ही बंद केला की खेळ हातात सुरू होतो. म्हणून थांबण्याचे नियम आता घरालाच करावे लागतात.

पहिला नियम हिशेबाचा. टीव्ही, मोबाइल, टॅब, सगळ्यांवरचा वेळ एकत्र मोजा. दुसरा अंतराचा. अडीच मीटरवरच्या टीव्हीपेक्षा २५ सेंटीमीटरवरच्या मोबाइलला डोळ्यातल्या भिंगाला सुमारे दहापट जोर लावावा लागतो. तेव्हा खेळायचेच असेल तर मोठा, दूरचा पडदा बरा. दर वीस मिनिटांनी उठून लांब पाहावे. तिसरा, रोज दिवसाउजेडी बाहेर खेळणे. त्याने लहान मुलांत दूरचा चष्मा लागण्याचे प्रमाण कमी होते, हे अभ्यासांत दिसले आहे. चौथा, झोपण्याच्या खोलीत पडदा नको.

खूप खेळणे हा आपोआप आजार होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराची तीन लक्षणे दिली आहेत. खेळावर ताबा न राहणे, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू ठेवणे. ही लक्षणे साधारण बारा महिने टिकली आणि अभ्यास, नोकरी, नाती बिघडू लागली, तर डॉक्टरांना भेटावे. त्या भेटीला येताना दोन्ही पडद्यांचा एकत्र हिशेब घेऊन या.